काडेपेटीतला छल्ला

आठ-दहा वर्षं झाली असतील. फेब्रुवारीचा महिना होता. ढाणकीहून बिटरगावकडे जाणाऱ्या रस्त्याला पळस फुलला होता. मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात काडेपेटी. म्हणाला, "सर, अब्बा पूछ रहे, ये क्या है?"

काडेपेटीत कापसाच्या बोळ्यावर एक छल्ला होता. पांढुरक्या धातूचा, बाहुलीच्या बोटातही बसणार नाही इतका लहान. त्यावर जेमतेम दिसतील अशी अक्षरं आणि आकडे कोरलेले होते. "तिलयर के पाँव में था," मुलगा म्हणाला. तिलयर म्हणजे आपली भोरडी, पळसमैना. काळं डोकं, काळे पंख आणि मधलं अंग गुलाबी. पक्षी मेला कसा, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात, गोफणी चालतात, त्यातले काही पक्षी पातेल्यात जातात, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, "उद्या परत आण. घरून भिंग आणतो, नीट वाचू."

दुसऱ्या दिवशी मुलगा रिकाम्या हातानं आला. रात्री घरात चर्चा झाली होती. कुणी म्हणालं, हा बाहेरच्या मुलखाचा नंबर आहे. कुणी म्हणालं, पोलीस विचारतील कुठून आणला. त्याचे फुफा म्हणाले, जंगलखात्याचे लोक केस करतील. शेवटी छल्ला नाल्यात फेकून दिला.

त्या घराला मी दोष देत नाही. द्यायचाच तर आधी स्वतःला द्यावा लागेल. रोज पन्नास मुलांची हजेरी लिहिणारा मी, पण डोळ्यांसमोर आलेला आकडा लिहून घेतला नाही. भिंग हे निमित्त होतं. खरी गोष्ट अशी की माझ्याही मनात क्षणभर तेच आलं होतं. अनोळखी नंबर, परदेशाशी संबंध आणि कळवायच्या पत्राखाली माझं नाव. म्हणून 'उद्या बघू' म्हणालो.

तो छल्ला नेमका काय होता, हे मला नंतर वाचून आणि पाहून कळलं. आणि जेवढं कळत गेलं, तेवढी ती काडेपेटी मनाला जास्त टोचत राहिली.

पक्ष्यांच्या पायात आकड्याची कडी घालण्याची पद्धतशीर सुरुवात एका शाळामास्तरांनी केली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावचे हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन. १८९९ साली त्यांनी स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या. प्रत्येक कडीवर वेगळा आकडा आणि गावाचं नाव. स्टार्लिंग म्हणजे आमच्या तिलयरच्याच कुळातला पक्षी. त्याआधी युरोपात शेकडो वर्षं लोक मानत आले होते की पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोपून राहतात. पक्षी जातात कुठे, याला पुरावा नव्हता. मास्तरांनी पुरावा मिळवायचा सोपा मार्ग काढला. पक्ष्याला नाव देता येत नाही, तर नंबर द्या. तो जिथे कुणाला सापडेल, तिथून त्या माणसानं कळवावं.

म्हणजे ही पद्धत पहिल्या दिवसापासून दोन माणसांवर उभी आहे. एक कडी घालणारा. दुसरा कडी सापडणारा. पहिला शिकलेला असतो, परवानगी घेऊन काम करतो. दुसरा कोण असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. तो कझाकस्तानातला मेंढपाळ असेल, सिंधमधला कोळी असेल, नाहीतर ढाणकीचा ज्वारी राखणारा असेल. तो बोलला नाही तर पहिल्याचं सगळं काम वहीतच राहतं.

आपल्या देशात हे काम १९२०च्या दशकात सुरू झालं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, जिला सगळे बीएनएचएस म्हणतात, तिच्या वतीनं धारच्या पवार महाराजांनी त्यात पुढाकार घेतला. पुढे सलीम अली जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले आणि हेल्गोलँड बेटावरच्या पक्षी-केंद्रात कडी घालण्याचं काम प्रत्यक्ष शिकून आले. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सलीम अलींनी हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. कारण होतं एक रोग. कर्नाटकात १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलात माकडं आणि माणसं एका तापानं मरू लागली. त्याचा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी जुळणारा निघाला. तो स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर इकडे आला की काय, हे शोधायचं होतं. भरतपूरला आणि देशभर ठिकठिकाणी पक्ष्यांच्या पायांत कड्या पडल्या. त्यावर इंग्रजीत एवढंच कोरलेलं असे की बॉम्बेच्या सोसायटीला कळवा. आणि सोव्हिएत देशातून, सैबेरियातून, मध्य आशियातून आकडे परत येऊ लागले. ज्या काळात माणसांना त्या सीमा ओलांडणं कठीण होतं, त्या काळात हे घडत होतं.

हे मी वाचलं होतं. पाहिलं मात्र नंतर. माझा खालाजाद भाऊ ठाणे जिल्ह्यात राहतो. एका दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो असताना, खाडीकाठच्या झुडपांत दोन सकाळी असं काम चालणार आहे आणि लिहायला माणूस हवा आहे, असं त्याच्या ओळखीतून कळलं. परवानगी असलेले, शिकलेले लोक काम करणार होते. पक्ष्याला हात लावायची मुभा मला नव्हती आणि मीही ती मागितली नाही. मी म्हटलं, अक्षर चांगलं आहे, नोंदी करतो.

फजर पढून अंधारातच निघालो. सूर्य उगवायच्या आत जाळ्या उघडल्या होत्या. अगदी बारीक काळ्या धाग्याची जाळी. दोन बांबूंमध्ये बारा मीटर लांब ताणलेली, पण आडव्या दोऱ्यांमध्ये मुद्दाम सैल सोडलेली. पक्षी उडत येऊन धडकला की त्या सैल झोळीत अलगद पडतो. झुडपाची सावली मागे असली की दोन हातांवरूनही जाळी दिसत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी फेरी व्हायची. उन्हं वर चढली, वारा सुटला, पावसाचा थेंब पडला की जाळी बंद. जाळीतून पक्षी सोडवणारे हात बघण्यासारखे होते. आधी पाय, मग पंख, मग डोकं, आणि एवढ्यात एकही शब्द नाही. पक्षी कापडाच्या छोट्या पिशवीत जायचा आणि पिशवी दोरीला टांगली जायची. अंधारात तो शांत राहतो.

मग माझं काम. एकानं पक्षी हातात धरायचा, मान दोन बोटांच्या मध्ये, आणि मोठ्यानं सांगायचं: जात, कडीचा आकडा, पंखाची लांबी, वय, चरबी. मी तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. एक अंक चुकला तर दुसऱ्याच पक्ष्याचं आयुष्य त्याच्या खात्यावर जमा होतं. वर्गात हजेरी घेताना मुलगा 'हाजिर' म्हणतो तसं हे होतं, फक्त इथे मास्तरच दोन्ही बाजूंनी बोलत होते. वजन करायला कॅमेऱ्याच्या जुन्या रिळाची डबी होती. पक्षी डोक्याकडून डबीत सरकवायचा, तो गप्प पडून राहतो. गळ्याखाली फुंकर मारली की पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीखाली पिवळसर चरबी आहे की नाही ते दिसतं. ती चरबी म्हणजे प्रवासाचं इंधन.

पहिला पक्षी निघाला वेळू वटवट्या. नाव मोठं, जीव तपकिरी आणि साधा. ढाणकीच्या बाभळीच्या कुंपणात तो सगळा हिवाळा 'चक चक' करत असतो आणि कधी नजरेला पडत नाही. त्याचं वजन भरलं अकरा ग्रॅम. मी लिहिता लिहिता थांबलो. अकरा ग्रॅम म्हणजे जुन्या मापाचा एक तोळासुद्धा नाही. सराफाच्या तराजूत मावणारा हा जीव. याची जात फिनलंडपासून रशिया ओलांडून मध्य आशियापर्यंतच्या झुडपांत पिल्लं वाढवते आणि दर पावसाळ्याच्या शेवटी इकडे येते. कडी घालून झाल्यावर त्याला तळहातावर ठेवलं. क्षणभर बसला आणि उडाला. सगळं मिळून काही मिनिटांचं काम.

त्या दोन सकाळींनी माझा एक शब्द बदलला. वर्तमानपत्रात दरवर्षी मथळा येतो, 'परदेशी पाहुण्यांचे आगमन'. तिलयर आपल्याकडे जुलै-ऑगस्टला येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. वटवट्याही वर्षातले सात-आठ महिने इथेच काढतो. दक्षिण भारतात रंगीत कड्या घालून केलेल्या अभ्यासांत दिसलं की एवढासा पर्ण वटवट्या पुढच्या हिवाळ्यात परत आपल्या त्याच झाडांवर येतो आणि तेवढा तुकडा आपला म्हणून राखतो. वर्षातले दोन-तृतीयांश दिवस जो जीव इथे राहतो, इथलं खातो, इथल्या झाडासाठी भांडतो, त्याला पाहुणा म्हणणं मला आता जमत नाही. त्याला दोन घरं आहेत. आकडा लिहिला गेला म्हणून हे कळलं.

आता मुद्द्याकडे येतो. घातलेल्या कड्यांपैकी परत कळवल्या जाणाऱ्या फारच थोड्या असतात, लहान पक्ष्यांच्या बाबतीत तर शेकड्यात एक मिळणंही कठीण. बहुतेक पक्षी कुणालाच न दिसता मरतात, हे खरं. पण जे सापडतात त्यांतले किती आमच्या काडेपेटीच्या वाटेनं नाल्यात जात असतील? कडी सापडणारा माणूस बहुतेक वेळा शेतकरी, कोळी, गुराखी किंवा शिकारी असतो. म्हणजे ज्याला सरकारी कागदाची सर्वांत जास्त धास्ती असते, तोच. त्यातून तो मुसलमान असेल, फासेपारधी असेल, तर ती धास्ती दुप्पट. आयुष्यात त्याच्याकडे आलेला आकडा बहुतेकदा नोटिशीचा असतो, केसचा असतो. हा एक आकडा वेगळा आहे, हे त्याला कुणी सांगितलं?

आणि ही भीती निव्वळ अडाणीपणाची नाही. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरजवळच्या पीर पाऊ जेट्टीवर एक कबुतर सापडलं. पायात कड्या होत्या आणि पंखांवर चिनी वाटावी अशी अक्षरं होती. हेरगिरीचा संशय आला, पोलिसांत नोंद झाली, कबुतर जनावरांच्या दवाखान्यात ठेवलं गेलं. शेवटी कळलं की ते तैवानमधलं शर्यतीचं कबुतर, वाट चुकून आलेलं. जानेवारी २०२४ च्या अखेरीस, आठ महिन्यांनी, त्याला सोडलं. बातमी वाचून लोक हसले. मी हसलो नाही. मला त्या मुलाचे फुफा आठवले. कबुतराला आठ महिने लागले, आपल्याला किती लागतील, असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय उत्तर देणार होतो?

संशयातून खुद्द सलीम अलीही सुटले नाहीत. त्यांच्या स्थलांतर प्रकल्पाला पुढे अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका योजनेतून पैसा मिळाला होता. त्यावरून १९७०च्या दशकात गदारोळ झाला. पक्ष्यांच्या आडून जैविक युद्धाचं संशोधन चाललं आहे, असे आरोप झाले. विषय संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला. परदेशी लष्कराचा पैसा घेतला तर प्रश्न विचारले जाणारच, आणि ते विचारलेही जावेत. सलीम अलींनी आरोप नाकारले. पण कडीचं काम त्यांनी सोडलं नाही. वह्या उघड्या ठेवून काम करत राहणं, एवढंच संशयाला उत्तर असू शकतं.

इथे मला आपल्या समाजाशीही बोलायचं आहे.

१२ नोव्हेंबर आला की आपल्या व्हॉट्सॲपवर सलीम अलींचा फोटो फिरतो. 'हमारे सलीम अली'. हुमायून अब्दुलअली, झफर फतेहअली, बीएनएचएसचे अनेक वर्षं संचालक राहिलेले असद रहमानी, बिहार-झारखंडच्या जंगलांतले पक्षी पाहून 'वॉचिंग बर्ड्स' लिहिणाऱ्या जमाल आरा, ही नावंही अभिमानानं घ्यावीत. पण त्या सगळ्यांबरोबर आणखी एक नाव घ्या: अली हुसेन. बिहारच्या मीरशिकार समाजातले. मीरशिकार म्हणजे पिढीजात पक्षी पकडणारे मुसलमान. पक्ष्याला इजा न करता पकडण्याची त्यांची हातोटी बीएनएचएसनं ओळखली आणि अनेक वर्षं त्या हातांनी पकडलेल्या पक्ष्यांच्या पायांत कड्या पडल्या. आजोबांनी बाजारात विकण्यासाठी जी विद्या कमावली, तीच विद्या नातवानं पक्षी सोडून देण्यासाठी वापरली. माझ्या मते पदवीवाल्यांच्या योगदानापेक्षा हे योगदान कमी नाही.

मग आपल्या घरांकडे बघा. किती ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला आहे? देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, हे किती जणांना माहीत आहे? इकबालची 'परिंदे की फरियाद' आम्ही उर्दूच्या वर्गात शिकवतो, मुलं ती सुरात म्हणतात, आणि घरी जाऊन त्याच मुलानं पिंजऱ्यातल्या मिठ्ठूला मिरची द्यायची. बटेर आणि तिलयर हलाल आहेत, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. हलाल असणं म्हणजे मारलंच पाहिजे असं नाही, आणि देशाचा कायदा जंगली पक्ष्याला हात लावू नका म्हणतो तेव्हा तो पाळणंही आपल्यावर आहे. कुरआनात पक्ष्यांना माणसांसारख्याच उम्मती म्हटलं आहे. हदीसमध्ये प्रसंग आहे की काही सहाबांनी एका पक्षिणीची पिल्लं उचलली, ती कासावीस होऊन वर घिरट्या घालू लागली, तेव्हा रसूलल्लाहंनी पिल्लं परत ठेवायला सांगितली. पकडलेलं परत ठेवणं ही सुन्नत आपल्याकडे आधीपासून आहे.

सलीम अलींची ती प्रसिद्ध चिमणी आठवा. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीनं त्यांनी चिमणी मारली. गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग खाणं जायज आहे का, अशी शंका मनात आली म्हणून मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे नेली. मामांनी ओळखीची चिठ्ठी देऊन बीएनएचएसच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. तिथून पुढचं आयुष्य घडलं. पुढे सलीम अली फारसे धार्मिक राहिले नाहीत, हे त्यांनी लपवलं नाही. पण सुरुवात हलाल-हरामच्या एका प्रामाणिक प्रश्नातून झाली आणि घरातल्या मोठ्या माणसानं 'उद्या बघू' म्हटलं नाही. मी म्हटलं. फरक तिथे पडला.

याला दोन आक्षेप येतात. पहिला, जाळीत पकडणं ही क्रूरता नाही का? पक्षी घाबरतो, क्वचित इजाही होते, हे नाकारू नये. म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय हे काम कुणालाही करता येत नाही आणि हात तयार व्हायला फार सराव लागतो. उत्साहात येऊन कुणी गावात जाळी लावली, तर तो अभ्यास ठरणार नाही, शिकार ठरेल. दुसरा आक्षेप, आता उपग्रहाला जोडलेली यंत्रं आली, मग कडी कशाला? यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांवर जाऊ नये असा संकेत आहे. ससाण्याला, बदकाला ते चालतं. तोळाभर वटवट्याच्या वाट्याला त्यातलं अर्ध्या ग्रॅमपर्यंतच येतं. त्याच्यासाठी आजही कडीच मुख्य साधन आहे. आणि कडीला शेवटी माणूस लागतो.

माणूस कसा मिळतो, ते नागालँडनं दाखवलं. २०१२ साली दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यांत पकडून मारले जात असल्याचं उघड झालं. नुसत्या केसेस केल्या असत्या तर शिकार लपून चालली असती. तिथे गावपरिषदांशी आणि चर्चशी बोलणं झालं आणि पुढच्याच हंगामात, २०१३ मध्ये, ती कत्तल थांबली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रह यंत्रं लावली. त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. वोखा तिथला जिल्हा, पांगती तिथलं गाव. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी आफ्रिकेत पोचला की नाही, हे गाव स्वतः विचारू लागलं. आपल्याकडेही वाशिम-अकोल्याच्या माळरानांवर फासेपारधी समाजातल्या तरुणांनी तणमोर वाचवण्याच्या कामात भाग घेतला आहे. ज्यांच्यावर गुन्हेगार असल्याचा शिक्का इंग्रजांनी मारला होता, त्यांच्याइतकं ते माळरान कोण ओळखतं?

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आहे. वनखात्याला आणि पक्षीमित्र संस्थांना: ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह होतो. त्यात शाळांमध्ये चित्रकला आणि घोषणा होतात. त्याबरोबर एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा, मराठीत सांगा, उर्दूत सांगा, पारध्यांच्या बेड्यावर जाऊन त्यांच्या बोलीत सांगा: सापडलेल्या कडीचा आकडा कळवला म्हणून कुणाच्या दारात नोटीस येणार नाही. आणि ज्यानं कळवलं त्याला, तो पक्षी कुठून निघाला होता, ते उलट कळवा. ते पत्र तो माणूस जपून ठेवेल, पोरांना दाखवेल. शिकार थांबवायला दंडापेक्षा ते जास्त कामी येईल.

आणि आपल्या लोकांना: पायात कडी असलेला पक्षी जिवंत दिसला तर त्याला पकडू नका, कडी ओढून काढू नका, फोटोत आकडा आला तर उत्तम. मेलेला सापडला तर कडीवरची सगळी अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे लिहून घ्या, जागा आणि तारीख लिहा, फोटो काढा. कळवायचं कुणाला, ते कडीवरच कोरलेलं असतं. पक्षी सापडणं हा गुन्हा नाही, मारणं हा आहे. मुलांना पाठवा, कुठे असं काम चालत असेल तर नोंदी लिहायला पाठवा. इंग्रजी आकडे वाचता येणं आणि न कंटाळता खरं तेच लिहिणं, एवढी पात्रता पुरते.

मी आता हजेरीच्या वहीबरोबर एक लहान वही ठेवतो. या हिवाळ्यातही तिलयर आले आहेत. संध्याकाळी पैनगंगेकडून त्यांचे थवे येतात आणि अंधार पडेपर्यंत कलकलाट चालतो. तो मुलगा आता मोठा झाला, पुण्यात कामाला आहे. गेल्या ईदला भेटला तेव्हा मी त्याला काडेपेटीची आठवण दिली. तो म्हणाला, "सर, अब्बा को आज भी याद है." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "दुबारा मिला तो?"

मी म्हटलं, नंबर लिहून घे आणि मला दे. पत्राखाली माझं नाव लिहू.